हवेत खवलेला नारळ

लालबाग, रविवार

तीर्थरूप नानांस,

धाकट्या बहिणीचा, राधेचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा वडाळ्याचे जिने चढू देतो ना? वहिनींची शुगर आटोक्यात आहे असं मी धरून चालते. इथे मी ठणठणीत आहे आणि, खोटं कशाला बोलू, थोडी प्रसिद्धही झाले आहे.

झालं असं. आमच्या मजल्यावरची प्राची (तळवणेकरांची, लोअर परळला स्वयंपाकघरातल्या वस्तू बनवणाऱ्या कंपनीत असते) गुरुवारी मला तिच्या ऑफिसात घेऊन गेली. कंपनी ओट्यावर बसवायची नवी खवणी काढतेय आणि तिथल्या पंधरा शिकलेल्या माणसांत नारळ खवणारं एक नाही. मी म्हटलं, दाखवा खवणी. तर म्हणे ती अजून बनलीच नाही, कॉम्प्युटरात आहे! मग माझ्या डोळ्यांवर डब्याएवढा चष्मा चढवला, हातांत वायरींचे मोजे घातले (ते पुढे एका यांत्रिक दांड्याला जोडलेले, मला वाटलं, बीपी तपासतायत) आणि समोर साक्षात ओटा, खवणी, अर्धा नारळ. उचलला तर वजन लागलं. पात्यावर दाबला तर करकर थेट बोटांत आली. नाना, समोर काही नसताना मी घामाघूम होऊन खवत होते. सवयीने चिमूटभर तोंडात टाकायला गेले आणि मोजा चष्म्यावर असा आदळला की तिथला इंजिनियर शंतनु धावतच आला.

पण नारळ मला फारच लहान वाटला. म्हटलं, बाबा, आमच्याकडे एवढुसा नारळ दुकानदार परत घेतो. त्याने बटण दाबून मोठा केला. आता मात्र नारळ फिरवला की माझी पेरं ओट्यावर ठोकली जायला लागली. मी सांगितलं, पातं खाली आहे.

"काकू, मापं बरोबर आहेत," शंतनु म्हणाला.

"मापं तुझी बरोबर असतील रे, पेरं माझी आहेत!"

शेवटी त्याने स्वतः मोजे घातले. दोनदा स्वतःची पेरं ठोकून घेतली. मग पातं अंगठाभर वर घेतलं, मी पुन्हा खवला, कुठे काही लागलं नाही. पोलादी साचा त्याच संध्याकाळी बनायला जाणार होता, तो थांबवला. एकदा साचा झाला असता तर हजारो बायकांची पेरं सोलली असती. घरी येईपर्यंत मला फार बरं वाटत होतं.

वहिनींना आठवण सांगा.

तुमची,
राधा

ता. क. : घरी मी गेली सहा वर्षं नारळ मिक्सरलाच लावते. प्राचीला हे माहीत नाही, तुम्हीही बोलू नका.

आणखी एक : कंपनीला आता जन्मात खवणीला हात न लावलेला माणूस हवाय, नवख्याचा हात कुठे चुकतो ते बघायला. शंतनुचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी तुमचं नाव दिलं. बुधवारी, अकरा वाजता. नाही म्हणू नका. वहिनींना फोन झालाय, त्या बघायला येणार आहेत.