बँकेनं माझं संरक्षण केलं त्याची हकिगत

आदरणीय यूलाली मावशीस,

तुझ्या ओवीदचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कंबर परवानगी देईल तितकंच.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तिकडे बोमाँटला तुझा गुडघा आणि तुझी मांजर, दोघांचंही बरं चाललं असेल असं धरून चालतो. परवा फोनवर तू विचारलंस, "आवाज असा का येतोय रे, कुणी गेलं का?" कुणी गेलेलं नाही. गेले ते पैसे, आणि तेही माझं रक्षण करता करता गेले. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच हसली असतीस, मग मी सांगायचं थांबलो असतो, आणि तू सगळ्या टेक्सासभर अर्धीच गोष्ट सांगितली असतीस. म्हणून सविस्तर लिहितो.

नाताळाच्या सुमारास मी नवीन कार्ड घ्यायला बँकेत गेलो होतो. खिडकीशी केली-ॲन होती. (रूफस सुताराची नात. लहानपणी माझ्या होडीतून पाण्यात पडली होती, पण तिनं तो राग मनात ठेवला असेल असं मला वाटत नाही.) ती म्हणाली, "काका, यात ओव्हरड्राफ्टचं संरक्षण घालून देऊ का?" मी म्हटलं, "कुणापासून?" ती म्हणाली, "समजा, खात्यात थोडे कमी पडले, तर दुकानात कार्ड नाकारतात. चारचौघांत किती ओशाळवाणं होतं! त्यापेक्षा आम्हीच तुमच्या वतीनं भरून टाकतो. छोटीशी फी असते." आता मावशी, आपल्या घराण्यात गोड बोलणाऱ्याला नाही म्हणायची पद्धत नाही, हे तू जाणतेस. याच स्वभावापायी बाबांनी एकामागून एक तीन होड्या घेतल्या होत्या, आणि बाबांना स्वतःला तर पाणी सोसत नव्हतं. शिवाय 'संरक्षण' या शब्दाला कुणी नकार देतं का? मी सही केली. 'छोटीशी' हा शब्द मी नीट ऐकला, 'फी' हा ऐकला नाही.

त्यानंतर ईस्टरआधीचे उपवासाचे शुक्रवार आले, म्हणजे मांस बंद, मासे चालू. इथे एलोडी गिद्रीची ओळख करून देणं भाग आहे. आपल्या ज्युनियसच्या दफनाला तुझ्या शेजारी बसून जिनं तुला पेपरमिंटची गोळी दिली, तीच. नवरा जाऊन सहा-सात वर्षं झाली. जनावरांच्या खाद्याच्या दुकानात गल्ल्यावर बसते. मी वर्षभर तिच्याकडून कोंबड्यांचं खाद्य नेतो. (माझ्याकडे कोंबड्या नाहीत. पोती मागच्या शेडमध्ये आहेत आणि उंदरांची प्रकृती उत्तम आहे.) तर एका गुरुवारी एका कोळंबीवाल्याच्या बोटीचं इंजिन दुरुस्त केल्याचा चेक मिळाला. तो मी बँकेच्या मशीनमध्ये टाकला, मशीननं भरघोस आकडा छापलेली पावती दिली, आणि त्या आकड्याच्या जोरावर मी एलोडीला विचारलं, "उद्या चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे आहेत. येणार का?" ती म्हणाली, "तुम्ही विचारायला एवढा वेळ लावलात, मला वाटलं कोंबड्यांनाच घेऊन जाताय."

तो शुक्रवार मी थाटात साजरा केला. सकाळी नोलनकडे केस कापले, ट्रक धुऊन घेतला, त्यात पेट्रोल भरलं, फुलं घेतली. संध्याकाळी हॉलमध्ये कॅटफिशची ताटं घेतली. फादर डुगास न बोलावता आमच्या टेबलाशी येऊन बसले, म्हणून त्यांचंही ताट घेतलं. (ते देवाचे माणूस आहेत, त्यांनी दुसऱ्यांदाही वाढून घेतलं.) मग बिंगोची तिकिटं घेतली, त्यात एलोडीनं एक अख्खं हॅम जिंकलं. निघताना ती म्हणाली, "एवढ्यात घरी जाऊन काय करायचं?" म्हणून रस्त्यावरच्या हॉटेलात कॉफी आणि ॲपल-पाय. प्रत्येक ठिकाणी कार्ड पुढे केलं आणि कुठेच ते अडखळलं नाही. मला आपण तेलविहिरीचे मालक असल्यासारखं वाटू लागलं. मग काय, शनिवारी क्रॉफिशचं, म्हणजे आपल्या खाडीतल्या झिंग्यांचं, पोतं आणलं, तिच्या बहिणीलाही जेवायला बोलावलं, आणि मसाला कमी पडला म्हणून पुन्हा दुकानात गेलो.

मंगळवारी रोख काढायला बँकेत गेलो, तेव्हा केली-ॲननं पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओठ मुडपले. मावशी, थोडक्यात सांगतो, कारण मलाही ते थोडक्यातच कळलं. तो चेक अजून वटलाच नव्हता. मशीननं छापलेला आकडा म्हणजे नुसती आशा होती. त्यात शुक्रवारी ट्रकचा हप्ता आला. आला सगळ्यांच्या शेवटी, पण बँकेनं तो सगळ्यांच्या आधी घेतला. "मोठी रक्कम आधी लावतो आम्ही, काका. तुमचं महत्त्वाचं काही चुकायला नको ना." खात्यात होतं नव्हतं ते हप्त्यात गेलं आणि मागे राहिलेली सगळी किरकोळ खरेदी एकामागोमाग एक खड्ड्यात पडली. पडेल त्या प्रत्येकीमागे छत्तीस डॉलर फी. केस कापल्याचे छत्तीस. फादरच्या ताटाचे छत्तीस. ते दुसऱ्यांदा वेगळं घेतलं, म्हणून पुन्हा छत्तीस. मसाल्याच्या पुडीचे छत्तीस. मी विचारलं, "मग माझं नक्की संरक्षण कशापासून झालं?" ती म्हणाली, "ओशाळण्यापासून, काका." हे ती हळूच म्हणाली, पण माझ्या मागे रांगेत नोलन न्हावी उभा होता, आणि नोलनला हळू बोललेलंच जास्त ऐकू येतं.

चेक वटला तो फीनंच खाल्ला. पुढचा शुक्रवार आला, तेव्हा एलोडीला कुठे न्यायचं म्हटलं तर खिशात चिल्लरच होती. मी खाद्याच्या दुकानाकडे फिरकणंच सोडलं. (उंदरांना काही कमी पडलं नाही.) फोन वाजला की इंजिन चालू करायचो, म्हणजे ऐकू आला नाही असं म्हणता येतं. ते दिवस फार चांगले गेले असं म्हणणार नाही.

शेवटी तीच आली. वर्कशॉपच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली. म्हणाली, "मिस्टर ओवीद, तुम्हाला कंटाळा आला असेल तर तोंडानं सांगा. मी काही विरघळून जाणार नाही. पण त्या हॅमचं अर्धं मी तुमच्यासाठी ठेवलंय, ते घेऊन जा." मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. सांगताना स्पार्क प्लग पुसत होतो. आधीच पुसलेला होता, तरी पुसत होतो. तिनं प्लग माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे ती कॉफी, जी मी थंड झाली म्हणून अर्धी टाकली..." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "अरे माणसा, तू मला सांगितलं का नाहीस? मी थर्मास घेऊन ट्रकमध्ये बसले असते!" मावशी, 'तुम्ही'वरून 'तू'वर ती कधी आली ते तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

तिनं मला तसंच, हाताला ग्रीस असताना, बँकेत नेलं. मॅनेजर म्हणजे बॅटन रूजहून आलेला एक टायवाला तरुण. एलोडीनं त्याला विचारलं, "या माणसाचं कार्ड त्या दिवशी हॉटेलात नाकारलं असतं, तर काय झालं असतं?" तो म्हणाला, "मॅडम, त्यांना अवघडल्यासारखं झालं असतं." ती म्हणाली, "मी समोर बसले होते. माझ्या पर्समध्ये पैसे होते. आमचं अवघडणं आम्ही आमच्यात बघितलं असतं, त्यात तुम्ही कशाला पडलात?" त्यानं निम्मी फी परत केली, 'सौजन्य म्हणून'. (उरलेली निम्मी कशाबद्दल ते मी विचारलं नाही.) संरक्षणही काढून टाकलं. मग तो हसून म्हणाला, "त्यापेक्षा तुमचं बचत खातं याला जोडून देऊ का? कमी पडले की त्यातून भरू, छोटीशी फी असते." मी मान हलवणार इतक्यात एलोडीनं माझ्या पायावर पाय दिला. तिचा दुकानातला बूट आहे, लोखंडी नाकाचा.

गेल्या शुक्रवारी पुन्हा हॉलमध्ये गेलो. ताटांचे पैसे देताना कार्ड नाकारलं गेलं. मशीन असं काही ओरडलं, की सगळ्या हॉलनं माना वळवल्या. मागे रांग, रांगेत नोलन, नोलनमागे फादर. एलोडीनं पर्समधून नोटा काढून दिल्या आणि म्हणाली, "सॉस घे." एवढंच झालं. मासे नेहमीसारखेच होते. फादर आमच्याच टेबलाशी आले. यावेळी स्वतःचं ताट घेऊन.

बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला शेक देत जा. मांजरीला माझ्या वतीनं कुरवाळ. तिला ते आवडत नाही हे माहीत आहे.

तुझा भाचा,
ओवीद

ता. क. तुझ्या ऐंशीव्या वाढदिवसाचा चेक सोबत आहे. तो कृपा करून बँकेत टाकू नकोस. मी कळवेपर्यंत फ्रिजवर लावून ठेव, दिसायला छान आहे. मॅनेजर म्हणाला की काढून टाकलेलं संरक्षण फक्त कार्डाचं, खात्यात कमी पडले तर चेकचं काय करायचं ते बँक तिच्या मर्जीनं ठरवणार. आणि तिची मर्जी मी पाहिली आहे.

आणखी ता. क. पत्र लिहायचं खरं कारण असं, की आजीची अंगठी तुझ्याकडे आहे. टेक्सासच्या भावंडांपैकी कुणाला कबूल केली नसशील तर मला पाठवशील का? एलोडीला मी अजून विचारलेलं नाही. आधी अंगठी हातात असावी, मग धीर येईल असा विचार आहे. नाही म्हणाली तर जशीच्या तशी परत पाठवीन. कुणाला बोलू नकोस. पोस्टाची तिकिटं संपली आहेत. एलोडी उद्या पोस्टाकडे जाणार आहे, तिच्याच हाती पत्र देतो.

यूलाली मावशी, पाकीट उघडंच होतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा. चेक मी फाडून टाकला आहे. अंगठी पाठवा, पण रजिस्टर पोस्टानं. माझं बोट जाड आहे, सोनाराकडून वाढवून घ्यावी लागेल. ते मी रोखीनं देईन. हे मी वाचलंय हे त्याला कळू देऊ नका. त्याला विचारू दे. — एलोडी