क्रीम रंगाची सीट

प्रिय हट्टोबा,

फोनच करणार होते, पण दुकानातून फोनवर बोलायचं म्हणजे बाबांच्या कानात बोलण्यासारखंच. त्यांना कमी ऐकू येतं ते फक्त आईने काम सांगितल्यावर, हे तुला माहीत आहेच. म्हणून लिहिते आहे. धाकटी शाळेत रुळली का? थोरल्याचा दात पडल्याचं आईने सगळ्या गल्लीला सांगून झालंय.

इकडे बाबांची तुझ्याकडे यायची तयारी जोरात आहे. नातवंडांना रोज शाळेत सोडायचं, आणायचं, आणि तेही स्वतःच्या गाडीतून, म्हणजे त्यांना स्वर्ग दोन बोटं उरलाय. गाडी सारखी धूत असतात. आई म्हणते, लग्नाला उभे राहिले तेव्हासुद्धा एवढे नटले नव्हते.

त्या गाडीत शेजारच्या सीटवर त्यांचं पेन उन्हात गळलं आणि क्रीम रंगाच्या चामड्यावर निळा डाग पडला. शाई चिवट खरी, पण गाड्यांच्या सीटा दुरुस्त करणाऱ्या आपल्या दुकानाला काही नवी नाही. बाबांनीच मला शिकवलंय. डाग काढायचं औषध आधी सीटखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघायचं. फडकं घट्ट पिळून घ्यायचं. डाग कडेकडून आत टिपत यायचं, घासायचं नाही. थिनर तर चामड्याजवळ आणायचंच नाही. मी शिकत असताना थिनरची बाटली नुसती हातात घेतली होती, तर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं मला गाढव म्हणाले होते.

परवा सकाळी दुकानात गेले तर बाबा गाडीत वाकून बसलेले, हातात थिनरचा बोळा. डागाच्या मधून बाहेर, गोल गोल, जोर लावून घासत होते. शाई पसरली होती आणि वरचा रंग निघून बशीएवढा खरखरीत, पांढुरका भाग उघडा पडला होता. मी हाक मारली तर हसून म्हणाले, निघतच आलाय बघ. चहाचं निमित्त करून त्यांना घरात पाठवलं आणि बोळा फेकून दिला.

पण खरी घाबरले ती संध्याकाळी. तो भाग घोटून गुळगुळीत करून मी क्रीम रंग जुळवत बसले होते. बाबा आले, चष्मा कपाळावर चढवून सीट बघितली आणि तडकून विचारलं, की कुठल्या गाढवाने चामड्याला थिनर लावलं. मला वाटलं, थट्टा करताहेत. नव्हते करत रे. त्यांना सकाळ आठवतच नव्हती. मग शेजारी स्टूल ओढून त्यांनी मला सगळं पहिल्यापासून समजावलं, कडेकडून आत कसं टिपायचं ते. एक शब्द चुकला नाही. मी हो हो म्हणत मान खाली घालून रंग ढवळत राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

आता मागचं एकेक आठवतंय. भाजी आणायला गेले आणि अंधार पडल्यावर परतले, तेव्हा रहदारी होती म्हणाले. गाडीच्या दिव्याची काच फुटली, तर कुणीतरी ठोकलं म्हणाले. आईला बहुतेक कळलंय, पण ती विषय बदलते. डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, चष्म्याचा नंबर तपासायचाय असं सांगून नेईन.

सीट छान झाली आहे. बाबांनी बोट फिरवून शाबासकी दिली. पण गाडीची किल्ली अजून त्यांच्याच खिशात आहे, आणि ती मागायला माझी जीभ उचलत नाही. मी मागितली तर त्यांच्या जिवाला लागेल, आणि देणार तर नाहीतच. म्हणून तुला लिहिते आहे. पोरांना त्यांच्याबरोबर गाडीतून पाठवू नकोस. ते निघायच्या आत तूच इकडे ये आणि ही गाडी मलाच पाहिजे म्हणून अडून बस. माझी नवी सायकल तू जमिनीवर लोळण घेऊन मिळवली होतीस ना, अगदी तसा. बाबांनी तुला कधी नाही म्हटलेलं नाही. जाताना तू चालव, त्यांना शेजारच्या सीटवर बसव आणि रस्ता चुकलास तरी त्यांना विचारू नकोस.

आयुष्यात पहिल्यांदाच तुझ्या हट्टाची वाट बघणारी,
तुझीच
ताई