शेड आणि शॅडो

नाही बाई, इथे तुमचं चुकलंच. गोंधळात पाडणारे इंग्रजी शब्द फक्त आम्हा सहावीच्या पोरांना शिकवून तुम्ही कायमच्या गेलात. आमच्या सेक्रेटरी काकांना कोण शिकवणार? काळाचौकीत आमच्या चाळीसमोर टॉवर अर्धा झालाय, आता आणखी मजले मागतायत. काकांनी चाळीतर्फे हरकत लिहिली, झोकात, इंग्रजीत: युवर टॉवर विल गिव्ह शेड टू अवर चाळ. बिल्डरचं उत्तर आलं: आभारी आहोत, रहिवाशांना शेड मिळणार याचा आम्हालाही आनंद आहे. काका म्हणतात, "अगं, सावलीच लिहिली ना मी? डिक्शनरीत बघ." आई म्हणाली, "घ्या. आता बोंबील त्यांच्या आनंदावर सुकवा."

मी मात्र मनाने तुमच्या वर्गात पोचले. निबंधात मी 'माय शेड इज लाँग' लिहिलंय आणि तुम्ही विचारताय, "तू काय छप्पर आहेस?" मग भर दुपारी अख्खा वर्ग मैदानात. "तुझी सावली दाखव." दाखवली. "आता बदामाखाली जा. कुठे गेली?" मी पायाशी शोधतेय, नाहीच. बाजूचा म्हणतो, "बाई, माझे आजोबा मिलच्या शेडमध्ये होते, तिकडे लय गरम व्हायचं." तुम्ही हसता हसता खोकलात. मग म्हणालात, "शेडमध्ये कुणीही बसावं. शॅडो कुणाची तरी असते, आणि ती दुसऱ्यावर पडते."

बाई, ज्या सावलीत माणूस वाढतो आणि जी अंगावर पडली की दचकतो, त्या दोन्हींना आपण एकच शब्द वापरत आलो. कॉलेजात जाडजूड पुस्तकं वाचली, पण एक शब्द डोळ्यांदेखत दोन होताना मी फक्त त्या दुपारी पाहिला. अजून काटा येतो.

आज वॉर्ड ऑफिसात सुनावणी आहे, बोलायचंय मला. मजले चढले तर उरलंसुरलं दुपारनंतरचं ऊनही जाईल. शेड खोडून शॅडो केलंय.

पण तिथे एक गोष्ट नाही बोलणार. संध्याकाळी त्या टॉवरची शॅडो चाळीच्या जिन्यावर चढायला लागते ना, तेव्हा मी हातातलं काम टाकून गॅलरीत बघत उभी राहते. केवढी थोरली, आणि आवाज म्हणून नाही. मला ती आवडते, बाई.

काका खालून हाका मारतायत. कागद इथेच माझ्या उशीखाली ठेवते. तुम्ही काही म्हणायच्या आत निघते.