हळदीची धूळ आणि मास्कचं श्रेय

माय, तुझा खोकला आता बसला का? बाबांचा गुडघा कसा आहे? आत्याबाईच्या डोळ्यांचं पाणी थांबलं का? तिकडं वर धूळ नसेल, म्हणजे तिघंही बरी असाल, असं धरून चालते. मी ठणठणीत आहे, फक्त डोकं तापलेलं आहे.

कुरुंद्यात हळद पॉलिशचे ड्रम फिरायला लागले की तू नाकाला पदर बांधून त्या पिवळ्या धुरळ्यात उभी राहायचीस. तिथल्याच बायकांना यंदा आमच्या बचत गटानं मास्क वाटले. हंगाम संपल्यावर विचारपूस केली, तर मास्कवाल्यांचा खोकला कमी. सगळ्या खूश. अहवाल लिहायचं काम माझ्याकडं आलं, आणि मी त्यात लिहिलं की मास्क आम्ही चिठ्ठ्या टाकून दिले नव्हते, मागेल तिला दिले. मागणाऱ्या बहुतेक तरण्या. जुन्या खोकल्याच्या बायका 'जीव गुदमरतो' म्हणून लांबच राहिल्या, काहींनी अर्ध्यात काढून ठेवला. तेव्हा फरक मास्कनं पडला की वयानं, ते आम्हाला सांगता येत नाही.

मदत देणाऱ्या संस्थेचे साहेब हिंगोलीहून आले. "मावशी, अहवालातलं एवढं पान काढा. असं लिहिल्यावर पुढच्या वर्षी मास्क कोण देईल?" गटातलीच एक चिमटा काढून म्हणाली, "काहून आपल्याच पायावर धोंडा पाडून राहिलीस?"

मला आपली चूल आठवली. शेजारीण तुझ्या काढ्याचं गुणगान करून राहिली आहे आणि तू भाकर थापता थापता म्हणतेस, "न्हाई बाई, तू आणलंस तवाच लेकरू सुधरून राहिलं होतं." मी चिडले. चार लोकांत आपला मान वाढत होता, तो तू फुंकर मारून उडवलास. तू म्हणालीस, "मानाचं काय करतीस? उद्या छाती भरलेलं पोरगं घेऊन कुणी काढ्याच्याच भरवशावर घरी बसली तर?"

साहेबांना तेच ऐकवलं. "मास्क दिलेत ना, मग धूळ अडवायला ड्रमला झाकण कशाला, असं म्हणायला ड्रमवाला मोकळा! पान राहील. पुढच्या हंगामात चिठ्ठ्या टाकू, म्हणजे मास्कवाल्या आणि बिनमास्कवाल्या दोन्हींत तरण्या-म्हाताऱ्या सारख्या येतील, मग निघेल ते लिहू." साहेब चहा न पिताच गेले. मास्क येतील की नाही, ठाऊक नाही. पान जागेवर आहे.

एक गोष्ट मात्र त्या पानावर नाही. तू आज त्या ड्रमपाशी असतीस, तर पुरावा असो नसो, चिठ्ठीबिठ्ठी न टाकता पहिला मास्क मी तुझ्याच नाकावर बांधला असता. तिकडं वर पोचायला हे पत्र कुठल्या पेटीत टाकू, तेवढं लवकर लिहून कळव.