भूकंपाचा धक्का मिळालाच पाहिजे

घोडपदेव, मुंबई
९ फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप मामांस रामदासाचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? म्हशीला यंदाही रेडाच झाल्याचं कळलं, वाईट वाटलं.

मामा, ज्या भूगोलापायी तुम्ही मला वर्गात बदडलंत, त्याच भूगोलावर माझं लग्न येऊन अडलं आहे. मालनचे वडील अप्पा हे भाऊच्या धक्क्यावर हमालांच्या टोळीचे मुकादम. ते म्हणाले, "गिरणीत तुझ्यासारखं साच्यावर कापड कोण पण विणतो. मला शिकलेला जावई पायजे. चाळीत लेक्चर देऊन दाखव, मग बघू." म्हणून मी 'पृथ्वीच्या पोटात' या विषयावर बोलायला उभा राहिलो. सोबत उकडलेलं अंडं नेलं होतं. टरफल म्हणजे पृथ्वीचं कवच, पांढरं म्हणजे प्रावरण, पिवळा बलक म्हणजे गाभा. (मी गाभ्यापर्यंत पोचेतो अध्यक्ष नाना प्रावरण खाऊन मोकळे झाले होते.) पृथ्वी सूर्यापासून तिसरी, असं म्हणताच संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला शेजारी दगडू उठला. "तिसरी का? हे पण दिल्लीनंच ठरवलं काय?" त्याला कसाबसा खाली बसवला.

मग भूकंप आला, म्हणजे विषय आला. जमिनीखालचे खडक सरकतात वगैरे सांगून मी म्हटलं, जपानात भूकंपाचे मोठमोठे धक्के असतात, मुंबईत तसा एकही नाही. आता समोर बसलेली निम्मी माणसं अप्पांच्या टोळीतली. त्यांच्या लेखी धक्का म्हणजे जिथे होड्या लागतात आणि हमालांना काम मिळतं तो! अप्पांनी गंभीरपणे विचारलं, "हे भूकंप कोण? भाऊंसारखेच कोण शेट काय?" मी तोंड उघडायच्या आत मागून आरोळी आली, "मुंबईला भूकंपाचा धक्का मिळालाच पाहिजे!" (सध्या इथे 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' चालू आहे, त्यामुळे 'पाहिजे' ऐकलं की मुठी आपोआप वर जातात.) बायकांत बसलेली मालन तोंडात पदर कोंबून हसत होती. मला मात्र रडू येत होतं.

अप्पांनी आता सरकारकडे तसा धक्का मागणारा अर्ज लिहवून त्यावर चाळीस अंगठे घेतले आहेत. चूक कळली की कबूल करावी, हे तुम्हीच शिकवलंत. तेव्हा येत्या रविवारी अप्पांना सगळं खरं सांगून टाकायचं मी ठरवलं आहे.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
रामदास

ता. क. : आताच निरोप आला. हमालांची बाजू मांडणारा जावई अप्पांना पसंत आहे. वडील गेल्यापासून माझे वडीलधारे तुम्हीच, तेव्हा रविवारी मागणी घालायला बोटीने तरी या, एस्टीने तरी या, पण या.

दुसरा ता. क. : भूकंपाचा विषय निघालाच, तर तुम्ही जपानची स्तुती करावी आणि लाडू खावा. खरं काय ते अक्षता पडल्यावर सांगू.

तिसरा ता. क. : मालन सातवी पास आहे, तिला सगळं ठाऊक आहे. तिचा निरोप असा की, बाबांना धक्का बसेल असं मामांनी काही बोलू नये.