समासातलं आईंचं अक्षर

बाबा,

बाळाला घेऊन ग्रंथालयात जातेय, दुपारपर्यंत येईन. दूध तापवून झाकून ठेवलंय. चहा तुमचा तुम्ही करून घ्या, साखर मात्र एकच चमचा.

तोंडावर बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितेय. आईंच्या बागकामाच्या पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ तुमच्या छोट्या ई-बुक रीडरवर मुंग्यांच्या रांगेसारखी दिसायची. बाळ झोपलं तेवढ्यात मी चारही बाजूंचे समास कापून टाकले. अक्षरं मोठी झाली. "वा, सूनबाई!" म्हणालात, दोन दिवस पानं उलटलीत आणि काल हळूच विचारलंत, "अगं, पण हिचं बोलणं कुठे गेलं?"

मी फणकाऱ्याने म्हणाले, "समासात पेन्सिलीच्या रेघोट्या होत्या, गेल्या!"

त्या मी वाचल्याच नव्हत्या, बाबा. आज सकाळी एका पानावर कापण्यातून निसटलेली ओळ दिसली: "मोगऱ्याला पाणी यांना घालू देऊ नये, बुडवून मारतील." वाचून हसले आणि मग मान वर करवेना. मूळ फाइलही नाही, तिच्यावरच मी नवी साठवली. आई गेल्यावर पुस्तक आपण ग्रंथालयाला दिलं. ते मागून पान न् पान पुन्हा स्कॅन करून आणते.

रीडर आडवा धरला की अर्धं अर्धं पान दिसतं, मोठं आणि समासासकट. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण शेजारी बसून तुम्हाला शिकवावं लागलं असतं, आणि मला तेवढंही बसायचं नव्हतं.

तुमची सून