डॉक्टर म्हणाले, पोरगा खुशालचेंडू आहे

प्रिय आई,

शिकागोहून तुला घट्ट मिठी. मी मजेत आहे, जेवण पोटभर मिळतं, पण तुझ्या तळलेल्या माशाची सर कशालाच नाही. धाकट्या डेनीसची दाढ दुखायची थांबली का?

आज इथे खेळाडू निवडायला आलेल्या सगळ्या बास्केटबॉल संघांच्या डॉक्टरांनी माझा ऑपरेशनचा गुडघा पाळीपाळीने ओढला, पिळला. "दुखतंय?" "नाही." मी आपला गुणगुणत होतो. एक डॉक्टर हसला, "पोरगा खुशालचेंडू आहे!" दुसरा कुरकुरला, "कॉलेजातलं मोडकं ढोपर आपण कशाला गळ्यात बांधून घ्यायचं?" त्या दुसऱ्याच्या संघाचा कोच म्हणाला, "ढोपर बरं होतं हो. सात फूट उंची कुठे विकत मिळते?"

संध्याकाळी त्याच कोचचा फोन आला. "तुला आम्हीच घेणार. पण ऑक्टोबरपासून खेळायचं, बसून राहायचं नाही." मी "हो सर" म्हणालो.

अर्लीन मावशीला सांग, चर्चसाठी नवी टोपी घे म्हणावं, पैसे आता मी देणार.

आई, लहानपणी अक्रोडाच्या झाडावरून पडून माझा हात मोडला, तेव्हा मी रडलो नव्हतो, नुसता गुणगुणत होतो. किती दुखतंय ते एकट्या तुलाच कळलं होतं.

फोन ठेवल्यापासून माझं गुणगुणणं थांबत नाहीये.

तुझा लांबटांग्या,
जार्विस